पाणी ‘प्युअर’ की ‘होलसम’? पार्सिपनीच्या तलावावरचा एक जुना खटला

न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत किंवा आसपास राहणाऱ्या बहुतेकांनी हा तलाव पाहिलेला असतो. २८७ वरून बूनटनच्या बाजूने जाताना झाडांच्या आडून पाण्याचा जो मोठा विस्तार दिसतो, तोच. एका बाजूला पार्सिपनी-ट्रॉय हिल्स, दुसऱ्या बाजूला बूनटन, आणि नाव मात्र ‘जर्सी सिटी रिझर्व्हॉयर’. कारण रॉकअवे नदीवर धरण बांधून अडवलेले हे पाणी १९०४ पासून मोठ्या नळातून जर्सी सिटीला जाते. जर्सी सिटीच्या इंडिया स्क्वेअरमध्ये डोसा मागवल्यावर आधी जो पाण्याचा पेला समोर येतो, त्याची सुरुवात या तलावात असते.

या पाण्यावरून शंभरहून अधिक वर्षांपूर्वी एक मोठा खटला चालला. वाद पैशांचा होता, पण तो अडला होता करारातल्या दोन विशेषणांवर. जर्सी सिटीने १८९९ मध्ये पाणीपुरवठ्याचा करार केला, त्यात पुरवले जाणारे पाणी ‘प्युअर अँड होलसम’ असले पाहिजे अशी अट होती. शब्दकोशात पाहिले तर दोन्ही शब्द एकमेकांचे शेजारी. वकिली भाषेत असे जोडशब्द वापरायची पद्धतच आहे, जसे आपल्या जुन्या दस्तऐवजांत ‘लिहून व नोंदवून’ येते. पण या दोन शब्दांत फरक आहे, आणि त्या फरकाने किती माणसे जगली याचा हिशेब आज आपण मांडू शकतो.

शब्द काय सांगतात

‘प्युअर’ हा शब्द लॅटिन ‘पुरुस’वरून आला. संस्कृतातल्या ‘पू’ धातूशी त्याचे नाते आहे, म्हणजे पवित्र, पावन, पूत हे त्याचे दूरचे भाऊबंद. एखाद्या वस्तूत त्या वस्तूशिवाय दुसरे काही मिसळलेले नाही, एवढेच हा शब्द सांगतो. वस्तू चांगली की वाईट, याबद्दल तो काही बोलत नाही. म्हणून इंग्रजीत ‘प्युअर गोल्ड’ म्हणता येते तसे ‘प्युअर पॉयझन’ही म्हणता येते. प्रयोगशाळेच्या कपाटात ९९.९ टक्के शुद्ध आर्सेनिकची बाटली असते. ती शुद्ध आहे, यात वाद नाही.

‘होलसम’ची गोष्ट वेगळी. त्याच्या पोटात ‘होल’ म्हणजे अखंड, धडधाकट हा अर्थ आहे. ‘हेल्थ’ आणि ‘हील’ हे शब्द त्याच मुळातले. शरीर धडधाकट ठेवते ते होलसम. इथे प्रश्न फक्त वस्तूचा नाही, ती घेणाऱ्याचाही आहे. म्हणून ‘होलसम पॉयझन’ हा प्रयोग ऐकणाऱ्याला थट्टाच वाटेल.

हा फरक आपण दर आठवड्याला किराणा आणताना पाहतो. व्हॅनिला इसेन्स, मध, मेपल सिरप, तूप यांच्या बाटल्यांवर ‘प्युअर’ लिहिलेले असते, कारण तिथे भीती भेसळीची असते. चिकनच्या पाकिटावर जो गोल सरकारी शिक्का असतो, त्यावर मात्र अमेरिकेच्या कृषी खात्याने ‘होलसमनेस’साठी तपासणी केल्याचे लिहिलेले असते. चिकनमध्ये दुसरे काही मिसळले आहे का, ही तिथली मुख्य चिंता नव्हे. ते खाऊन माणूस आजारी पडेल का, ही आहे. एक शब्द घटकांकडे पाहतो, दुसरा परिणामाकडे.

वापरातही दोघांच्या वाटा वेगळ्या आहेत. ‘प्युअर’ हा नुसता जोर देण्यासाठीही येतो: ‘प्युअर लक’, ‘प्युअर नॉन्सेन्स’. मराठीत आपण ‘शुद्ध मूर्खपणा’ म्हणतो, अगदी तसाच. ‘प्युअर मॅथेमॅटिक्स’मध्ये तो ‘उपयोजित नसलेले’ असा अर्थ देतो. ‘होलसम’ला यातले काहीच जमत नाही. तो जेवणाला लागतो, हवेला लागतो, घरातल्या सगळ्यांनी मिळून बघावा अशा सिनेमाला लागतो. जिथे जिथे ‘घेणाऱ्याचे भले’ हा अर्थ आहे, तिथेच तो शोभतो.

मराठीत विशेषण नाही, पण क्रियापद आहे

‘प्युअर’ला मराठीत ‘शुद्ध’ हा तयार प्रतिशब्द आहे. हा शब्द आपण फार दूरवर पसरू दिला आहे. शुद्ध तूप, शुद्ध स्वर, शुद्धलेखन, चैत्र शुद्ध प्रतिपदा, शुद्धीवर येणे, शुद्ध शाकाहारी! ‘होलसम’ म्हटले की मात्र आपण चाचपडतो. हितकर, आरोग्यदायी, पथ्यकर, सकस हे सगळे थोडे थोडे बरोबर आहेत, पण रोजच्या बोलण्यात पाण्याला कुणी ‘हितकर’ म्हणत नाही.

म्हणून मराठी माणसाला ही कल्पनाच माहीत नाही, असे समजू नये. आपण ती विशेषणात ठेवली नाही, क्रियापदात ठेवली. गावाहून आलेल्या मुलाचे पोट बिघडले की आजी म्हणते, “इथलं पाणी बाधलं त्याला.” महिन्याभराने तब्येत सुधारली की तीच म्हणते, “आता मानवलं हो पाणी.” अन्न अंगी लागते किंवा लागत नाही. बाधणे, मानवणे, अंगी लागणे: या तिन्ही क्रियापदांना ‘कुणाला’ हा प्रश्न चिकटलेला आहे. पाणी नुसते बाधत नाही, कुणाला तरी बाधते. ‘होलसम’ म्हणजे न बाधणारे, मानवणारे. तुमचे शुद्ध तूप शंभर टक्के शुद्ध असेल, पण ते तुम्हाला मानवेल का, हे तुमचे डॉक्टर सांगतील, तुपाचा डबा सांगणार नाही.

आता हे दोन शब्द घेऊन पुन्हा तलावाकडे जाऊ.

खटला

धरणाच्या वरच्या अंगाला रॉकअवे नदीच्या खोऱ्यात डोव्हरसारखी गावे होती, आणि त्यांचे सांडपाणी शेवटी नदीला मिळत होते. तलाव मोठा असल्याने पाणी तिथे बराच काळ थांबायचे, गाळ खाली बसायचा, जंतूही कमी व्हायचे. एरवी पाणी चांगले असायचे. पण पाणी करारात म्हटल्यासारखे नाही, असे जर्सी सिटीचे म्हणणे पडले आणि पाणी पुरवणाऱ्या कंपनीविरुद्ध शहर न्यायालयात गेले. १९०६ मध्ये सुनावणी सुरू झाली. व्हाइस चान्सलर फ्रेडरिक स्टीव्हन्स यांनी १९०८ मध्ये निकाल दिला तो असा, की पाणी बहुतेक काळ ठीक असते, पण वर्षातून दोन-तीनदा, जोराच्या पावसानंतर, ते कराराच्या कसोटीला उतरत नाही. त्या दिवसांचा बंदोबस्त कंपनीने करावा. त्यासाठी वरच्या गावांत गटारे बांधावीत, किंवा दुसरी काही योजना किंवा उपकरण पुढे आणावे.

कंपनीचे आरोग्य सल्लागार होते डॉ. जॉन लील. शेजारच्या पॅटरसनमध्ये त्यांनी आरोग्य अधिकारी म्हणून काम केले होते आणि जंतूंचे शास्त्र त्यांना चांगले ठाऊक होते. त्यांचे वडीलही डॉक्टर. अमेरिकेच्या यादवी युद्धात सैन्याबरोबर असताना जडलेल्या आमांशाने वडिलांना अनेक वर्षे छळले होते. वाईट पाणी माणसाचे काय करते, हे लील यांनी घरात पाहिले होते.

लील यांनी ‘दुसरे उपकरण’ निवडले: क्लोराइड ऑफ लाइम, म्हणजे आपली ब्लीचिंग पावडर. जॉर्ज फुलर या नामवंत अभियंत्याकडून त्यांनी सुमारे तीन महिन्यांत यंत्रणा उभी करून घेतली, आणि २६ सप्टेंबर १९०८ रोजी बूनटनच्या धरणापाशी पावडरीचे द्रावण पाण्यात सोडायला सुरुवात झाली. रोजचे सुमारे चार कोटी गॅलन पाणी, आणि त्यात क्लोरीनचे प्रमाण दहा लाख भागांत एका भागापेक्षाही कमी. याआधी इंग्लंडमध्ये मेडस्टोन आणि लिंकन इथे साथीच्या वेळी, तर बेल्जियममधल्या एका छोट्या गावात नेहमीसाठी असे प्रयोग झाले होते. पण अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या शहराच्या पिण्याच्या पाण्यात रोज, कायमचे क्लोरीन घालण्याची ही पहिली वेळ होती.

साहजिकच खटला दुसऱ्यांदा उभा राहिला. ज्या पावडरीने कपडे पांढरे करतात आणि संडास धुतात, ती पाण्यात घालून पाणी ‘प्युअर’ कसे होईल? शहराच्या बाजूने विल्यम सेज्विक, जॉर्ज व्हिपल यांच्यासारखे त्या काळचे मोठे तज्ज्ञ उभे होते. उलटतपासणीत लील यांना विचारले गेले, की दोन लाख वस्तीच्या शहरात हा प्रयोग जगात आणखी कुठे झाला आहे? त्यांनी सरळ सांगितले, कुठेही नाही. तुम्ही हे पाणी पिता का? हो. बायकोमुलांना द्याल का? जगातले सर्वांत सुरक्षित पाणी हेच आहे असे मी मानतो, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले.

पेच लक्षात घ्या. ‘प्युअर’चा अर्थ ‘दुसरे काही न मिसळलेले’ असा कडक घेतला, तर लील हरलेच होते. त्यांनी पाण्यातली घाण गाळून काढली नव्हती, उलट एक रसायन वर घातले होते. पण प्रश्न ‘हे पाणी बाधेल का?’ असा विचारला तर उत्तर मोजता येत होते: पावडर घालण्याआधी जंतू किती, घातल्यानंतर किती. मे १९१० मध्ये स्पेशल मास्टर विल्यम मॅगी यांनी अहवाल दिला, की हे उपकरण पाणी ‘प्युअर अँड होलसम’ करण्यास समर्थ आहे आणि धोकादायक जंतू नाहीसे करण्यात परिणामकारक आहे. कागदावर दोन्ही शब्द तसेच राहिले. पण ‘प्युअर’चा अर्थ आता ‘होलसम’ ठरवू लागला होता.

यानंतर क्लोरीन अमेरिकेतल्या शहरांत भराभर पसरले. १९०० च्या सुमारास अमेरिकेत दर लाख लोकांमागे सुमारे १०० जणांना विषमज्वर, म्हणजे टायफॉइड, होत असे. १९२० मध्ये हा आकडा सुमारे ३४ वर आला. गाळणी, गटारे, दुधाचे पाश्चरीकरण यांचाही त्यात वाटा आहे, पण क्लोरीनचा वाटा मोठा आहे.

क्लोरीन हे करते कसे? ब्लीचिंग पावडर पाण्यात विरघळली की हायपोक्लोरस आम्ल तयार होते. या रेणूवर विद्युतभार नसतो, त्यामुळे जंतूच्या आवरणातून तो सहज आत शिरतो आणि आतली प्रथिने मोडून टाकतो. उरलेले थोडे क्लोरीन नळातून प्रवास करत राहते आणि वाटेत शिरणाऱ्या जंतूंचा समाचार घेते. नळाच्या पाण्याला येणारा तो किंचित वास म्हणजे हा पहारेकरी.

‘शुद्ध’ करून बिघडवलेले पाणी

शब्दांचा हा फरक आपल्याकडे याहून कठोरपणे समोर आला होता. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्यायले. तळे सार्वजनिक होते. पण अस्पृश्य मानलेल्यांच्या स्पर्शाने ते बाटले असे म्हणून सनातन्यांनी शेण आणि गोमूत्र मिसळलेल्या घागरी तळ्यात ओतून त्याचे ‘शुद्धीकरण’ केले.

आजच्या भाषेत पाहिले तर माणसांच्या ओंजळींनी त्या पाण्याचे काहीच बिघडले नव्हते. त्यात जंतू सोडले ते शुद्धीकरणाने. ‘शुद्ध’ हा शब्द घेणाऱ्याच्या आरोग्याशी बांधलेला नसला, तर तो कुठवर जाऊ शकतो याचे हे उदाहरण आहे. तळ्याचा खटलाही पुढे दहा वर्षे चालला आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात त्याचा निकाल अस्पृश्य मानलेल्यांच्या बाजूने लागला.

त्याच महाराष्ट्रात आज गावोगावचा जलसुरक्षक विहिरीत आणि टाकीत ‘टीसीएल पावडर’ टाकतो. टीसीएल म्हणजे ट्रॉपिकल क्लोराइड ऑफ लाइम, लील यांच्याच पावडरीचा उष्ण हवेत टिकणारा प्रकार. मग नळाच्या टोकाला ओ. टी. टेस्ट होते: परीक्षानळीत दोन थेंब टाकले आणि पाणी पिवळसर झाले, म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. भारतीय मानकानुसार ते लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम असावे. अमेरिकेत वरची मर्यादा लिटरला ४ मिलिग्रॅम आहे.

आजच्या घरातला प्रश्न

आता हा फरक आपल्या स्वयंपाकघरात आणू. पुण्याला किंवा नाशिकला आईवडिलांसाठी फिल्टर घ्यायचा असतो. विक्रेता घरी येतो, पेल्यात टीडीएस मीटर बुडवतो. नळाचे पाणी ३००, त्याच्या यंत्राचे ३०. “बघा काका, किती शुद्ध!” आकडा खरा असतो. प्रश्न इतकाच, की तो कोणत्या विशेषणाचा आकडा आहे.

टीडीएस मीटर पाण्याची वीजवाहकता मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. जंतू त्याला दिसत नाहीत. एका जंतूचे वजन साधारण ग्रॅमच्या एक लाख-कोटीव्या भागाइतके असते. लिटरभर पाण्यात दहा लाख जंतू असले तरी त्यांचे एकूण वजन एक मायक्रोग्रॅमच्या आसपास भरते. मीटरचा सर्वांत लहान टप्पा असतो एक मिलिग्रॅमचा, म्हणजे त्याच्या हजारपट. म्हणून टीडीएस ३० असलेले पाणी बाधू शकते आणि ३०० असलेले मानवू शकते. भारतीय मानक तर ५०० पर्यंत टीडीएस योग्यच मानते. आरओचा पडदा जंतू अडवतो हे खरे, पण पाणी पुढे ज्या टाकीत साठते ती महिनोन्‌महिने धुतली नाही, तर मीटरचा आकडा तसाच राहतो आणि पाणी बिघडते.

उलट बाजूही आहे. यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांत काही ठिकाणी बोअरचे पाणी काचेसारखे नितळ असते. त्यात कुणी काही मिसळलेले नाही, जंतूही नाहीत. पण खडकातून उतरलेले फ्लोराइड त्यात जास्त असते आणि वर्षानुवर्षे ते पिऊन दातांवर डाग पडतात, हाडे ताठरतात. तिथे आरओ किंवा फ्लोराइड काढणारे संयंत्र खरेच लागते. म्हणजे यंत्र चांगले की वाईट हा प्रश्नच अपुरा आहे. इथल्या पाण्यात बाधणारे काय आहे, हे आधी कळायला हवे.

न्यू जर्सीतलेच ताजे उदाहरण न्यूअर्कचे. तिथल्या घरांच्या नळांत शिसे आढळले, ते जुन्या शिशाच्या जोडनळ्यांतून आले होते. शहराने नळ्या बदलल्याच, पण मधल्या काळात पाण्यात ऑर्थोफॉस्फेट घातले. त्याने नळीच्या आतून एक पातळ थर धरतो आणि शिसे पाण्यात उतरत नाही. कडक अर्थाने पाणी त्यामुळे कमी ‘प्युअर’ झाले. पिणाऱ्या मुलांसाठी ते जास्त ‘होलसम’ झाले.

याचा अर्थ ‘काहीही घाला, जंतू मेले म्हणजे झाले’ असाही नाही. १९७४ मध्ये रॉटरडॅमचे योहानेस रूक यांनी दाखवले, की क्लोरीन आणि पाण्यातला पालापाचोळा यांच्या संयोगातून क्लोरोफॉर्मसारखी संयुगे तयार होतात. त्यांच्यावर आता मर्यादा आहे: अमेरिकेत अशा चार संयुगांची बेरीज लिटरला ८० मायक्रोग्रॅमच्या वर जाता कामा नये. म्हणून आता क्लोरीन घालण्याआधी तो पाचोळा काढून घेतात. ‘बाधेल का?’ हा प्रश्न एकदा विचारून संपत नाही.

कायद्याच्या भाषेतही हे उतरले आहे. ब्रिटनच्या १८४७ च्या कायद्यात ‘प्युअर अँड होलसम’ ही जोडी होती. तिथल्या आजच्या कायद्यात ‘होलसम’ उरला आहे, आणि कोणता पदार्थ किती असला तर पाणी होलसम, याची यादी नियमांत आहे. अमेरिकेने १९७४ च्या कायद्यात ‘सेफ’ हा शब्द निवडला.

तेव्हा दोन गोष्टी करता येतील. अमेरिकेत तुमच्या पाणीपुरवठादाराला दर वर्षी १ जुलैपर्यंत पाण्याच्या गुणवत्तेचा अहवाल ग्राहकांना द्यावा लागतो. तो उघडा आणि शिसे, ट्रायहॅलोमिथेन आणि उरलेले क्लोरीन या तीन ओळी वाचा. खासगी विहीर असेल तर हा अहवाल येत नाही. पाणी स्वतः तपासून घ्यावे लागते.

दुसरी गोष्ट भारतभेटीची. अमेरिकेत आज जो टायफॉइड सापडतो, त्यातला बहुतेक परदेशी जाऊन आलेल्यांचा असतो, आणि त्यात आपल्यासारखे नातेवाइकांकडे जाणारे बरेच असतात. ज्या पाण्यावर आपण वाढलो ते आपल्याला मानवेलच, असा विश्वास त्यामागे असतो. टायफॉइडच्या जंतूला तुमचे बालपण ठाऊक नसते. जाण्याआधी लसीबद्दल डॉक्टरांना विचारा. आणि सोसायटीत टँकर येत असेल, तर घरच्यांना टीडीएस किती हे विचारू नका. टाकी शेवटची कधी धुतली आणि नळाला ओ. टी. टेस्ट पिवळी येते का, एवढे विचारा.